लोखंडवाडीचा मान

लवू कठड्यावर चढला तेव्हा मी तांदळातले किडे वेचत होतो. आधी वाटलं, गरी टाकायला चढला असेल. पण हातात दोरी नव्हती. एक पाय बाहेर टाकलान, मग दुसरा, आणि दर्याकडे तोंड करून बसला. घरच्या ओट्यावर बसावं तसा.

"लवू," मी म्हटलं, "आत ये."

"पोहत जातो."

"कुठे?"

हनुवटीनेच दाखवलान. समोर बंदर दिसत होतं. क्रेनी, तेलाच्या टाक्या, पांढऱ्या इमारती. दिसायला जवळ. पण मधे पाण्याला अशी ओढ होती की रिकामा डबा टाकला तर तो बंदराकडे नाय, उलटा खुल्या दर्याकडे जायचा. हे लवूइतकं कुणाला ठाऊक? डबे तोच टाकायचा. जहाजावरचा भंडारी होता तो, म्हणजे स्वयंपाकी.

"मेल्या, जेवायची वेळ झालीय. उतर."

"कुणाच्या हुकमाने?" त्याने मान वळवली नाय. "कप्तान गेला. मालक गेला. काल बावटा पण गेला. माझ्यावर हुकूम चालवणारा कोण आहे हितं? तू?"

खरंच होतं ते.

मालवाहू जहाज होतं आमचं, जुनं, गंजलेलं. आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. मालकाची कंपनी बुडाली आणि जहाज तिथल्या तिथे राह्यलं. माल उतरवता येईना, आम्हाला उतरता येईना. कप्तान छातीत दुखतं म्हणून किनाऱ्यावर गेला तो गेलाच. बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या देशाने सोडवून नेलं. आम्हाला सांगितलं, जहाज रिकामं सोडता येत नाय, पुढच्या महिन्यात बघू. असे किती पुढचे महिने गेले, मोजायचं सोडून दिलं. राह्यलो आम्ही तिघं. मी गंगाराम जांभारकर, खलाशी, राहणार वेलदूर. लवू पडवळ, आमच्या पलीकडच्या वाडीचा. आणि सारंग हसनभाय पावसकर, दाभोळचे. सारंग म्हणजे सगळ्या खलाशांचा मुकादम. पण हसनभायची उमर झाली होती, पाय सुजून भोपळ्यासारखे झाले होते, डेकवर सावली बघून बसलेले असायचे.

आदल्या दिवशी गुलखान लाँच घेऊन आला होता. पठाण माणूस, बंदरातून पाणी पोचवायचा. खालून शिडीवर पाय ठेवूनच म्हणाला, "तुम्हारा झंडा उतार दो. जिस मुल्क का झंडा है, उसने जहाज का नाम काट दिया." म्हणजे ज्या देशाच्या नावाने जहाज चालत होतं, त्या देशानेच हात वर केले. तो देश आम्ही कुणी बघितला पण नव्हता. आता जहाज कुणाचंच नव्हतं. आणि कुणाचंच नाय त्याला पाणी कोण देणार? त्या दिवशी गुलखानने अर्धंच पिंप चढवलान.

पण लवू कठड्यावर चढला तो पाण्यासाठी नाय. त्याच्या आधी एक गलबत बाजूने गेलं होतं, त्यावर एक दाभोळचा माणूस. त्याने ओरडून गावची खबर सांगितली. लवूचा बाप गेला होता. कधीच गेला होता. बारावं-तेरावं सगळं उरकलेलं.

पडवळांच्या घरात गाऱ्हाण्याचा मान होता. आमच्याकडे शिमग्याला, जत्रेला, कुणाचं काय वाईट झालं तर, देवापुढे गावच्या वतीने गाऱ्हाणं घालतात. ते कुणीपण घालत नाय. एका घराचा मान असतो, बापाकडून थोरल्या पोराकडे. तो बोलतो आणि सगळा गाव मागून 'व्हय म्हाराजा' म्हणतो. लवूच्या बापाचा आवाज खाडीच्या पलीकडे ऐकू जायचा. आता बाप गेला, आणि पोरगा हजर नाय म्हणून मान गेला चुलतभावाकडे. दाभोळवाल्याने ते पण ओरडून सांगितलं. त्याला काय, खबर ती खबर.

तेव्हापासून लवू जेवण करायचा, पण जेवायचा नाय.

"उतर रे," मी पुन्हा म्हटलं. धावून धरावं तर तो आधी सुटणार. हसनभाय सावलीत बसून बघत होते. ते सावकाश म्हणाले, "गंगाराम, त्याला हुकूम नको करू. तो म्हणतो ते बरोबर आहे. हितं हुकूम करणारा कोण नाय."

"हसनभाय, तुमी पण काय—"

"गप बस. लवू, तू मला सांग. बावटा नाय, मालक नाय, सरकार नाय. मग हे जहाज कुणाचं?"

लवू पाण्याकडेच बघत राह्यला.

"ज्याचे पाय त्यावर आहेत त्याचं," हसनभाय म्हणाले. "म्हणजे आपलं. आपला मुलूख. आता मुलखाला गावकर लागतो, म्होरक्या. मी म्हातारा, आज आहे उद्या नाय. गंगारामला अक्कल नाय."

"का हो?" मी म्हटलं.

"बघ, विचारतोय पण. राह्यलास तू. गाऱ्हाण्याचं घर तुझं. तूच दर्यात गेलास तर आमी दोघांनी कुणाच्या मागून 'व्हय' म्हणायचं?"

लवूची पाठ हलली. हसला का रडला कळलं नाय. "हसनभाय, तुमी गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणणार?"

"लहानपणापासून ऐकतोय मोहल्ल्यात बसून. अल्लाला मराठी कळतं."

मग लवूने एक पाय आत घेतलान. मी धावलो आणि कमरेला मिठी मारून त्याला डेकवर पाडलं. दोघं त्या तापलेल्या लोखंडावर पडलो. पाठ भाजली. लवू ओरडला, "गावकराच्या अंगाला हात लावतोस, मेल्या!"

असा आमचा देश झाला.

नाव लवूने ठेवलं, लोखंडवाडी. हद्द ठरली. लांबीला नांगराच्या साखळीपासून सुकाणूपर्यंत, आणि दर्यात जिथपर्यंत गरी फेकली जाईल तिथपर्यंत. फेकायला मला लावलान. मी जोर काढून फेकली तर म्हणाला, "एवढाच देश? पुन्हा फेक." हसनभायची चौकडीची लुंगी बावट्याच्या दोरीवर चढली. हसनभाय म्हणाले, "आणि मी काय नेसू?" लवू म्हणाला, "देशासाठी काहीतरी सोडावं लागतं." शेवटी कप्तानाच्या खोलीतला पडदा त्यांना नेसायला दिला.

हसायला येतं आता. तेव्हा पण हसायचो, पण पोटात अन्न नसताना हसलं की चक्कर येते. टाकीच्या तळाचं पाणी गंजाने लाल झालं होतं. ते फडक्याने गाळून प्यायचो, तरी दातांत लोखंड करकरायचं. जनरेटर बंद. दिवसा डेकवर पाय ठेवता यायचा नाय. हसनभायच्या सुजेवर बोट दाबलं तर खड्डा तसाच राह्यचा.

आणि लवू कारभार करायचा. रोज सकाळी आम्हाला पुढच्या टोकाला उभं करून गाऱ्हाणं घालायचा. "बा दर्याच्या म्हाराजा! आज ही तुझी तीन लेकरं ह्या लोखंडावर उभी आहेत. त्यांना ना गाव राह्यला ना शीव. त्यांच्या टाकीत पानी घाल, त्यांच्या गरीला मासा लाव, आणि ज्याने त्यांना हितं टाकलंन त्याच्या घशाला कोरड पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघं.

बापाचाच आवाज. गाऱ्हाणं घालताना तो ताठ व्हायचा, डोळ्यांत पाणी यायचं. पाण्याचा वाटा तो करायचा, आणि स्वतःचा सगळ्यात शेवटी घ्यायचा. पहिला मासा हसनभायला. मी एकदा लपवून बिस्कीट खाल्लं तर दिवसभर माझ्याशी बोलणं बंद, हा दंड. एवढ्याशा देशात बोलणं बंद म्हणजे फाशीच.

पण दुपारी, कामं संपली की तो मागच्या बाजूला जायचा आणि पाण्याकडे बघत उभा राह्यचा. मी काहीतरी निमित्त काढून जायचो. "गावकर, दोरी गुंतलीय." "गावकर, हसनभाय बोलावतात." एकदा त्याचा पाय कठड्यावर होता. मी नुसता बाजूला जाऊन उभा राह्यलो. मग तो पाय खाली घेऊन म्हणाला, "डाळ संपली रे."

हसनभाय मला म्हणाले, "त्याला नजरेआड करू नको. गाऱ्हाणं एकट्याचं होत नाय. 'व्हय' म्हणणारा मागे आहे म्हणून तो उभा आहे."

पाणी अगदीच संपत आलं तेव्हा लवूने तीन वेळा गाऱ्हाणं घातलान. तिसऱ्या वेळी त्याचा आवाजच फुटेना, नुसते ओठ हलत होते. हसनभाय बसूनच 'व्हय' म्हणाले. आणि दुपारी लाँच आली!

लवू नाचायचा बाकी राह्यला. पण लाँच देवाने पाठवली नव्हती. हसनभायच्या लुंगीने आणली होती. बंदराच्या दुर्बिणीतून कुणीतरी बघितलं, बिनबावट्याच्या जहाजावर कसला तरी निळा-पांढरा बावटा. कुठल्या देशाचा, कुणाला सापडेना. साहेब तपासायला आला. कडक इस्त्रीचा, बरोबर दोन शिपाई आणि बोलणं समजवायला आमचा गुलखान.

"साहब पूछता है, ये किसका झंडा है?"

लवू पुढे झाला. उघडा, हाडं मोजून घ्यावीत असा. "आमचा," म्हणाला. "लोखंडवाडीचा. साहेबांना सांग, हद्दीत येण्याआधी विचारायला पायजे होतं. पण आता आलेत तर पाव्हणे आहेत. बसा म्हणावं."

आणि खरंच आत जाऊन चहा करून आणलान. टाकीच्या तळातलं गढूळ पाणी आणि डब्याच्या तळाची भुकटी. साहेबाने कप हातात घेतला. त्या लाल पाण्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, हसनभायच्या पायांकडे बघितलं. इस्त्रीच्या माणसाचं तोंड असं उतरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्याने तो चहा संपवला. संध्याकाळी गुलखान पाणी, तांदूळ, कांदे घेऊन आला. म्हणाला, "साहब कोर्ट में गया है तुम्हारे वास्ते."

मग पुन्हा वाट बघणं. पण पोटात भात होता.

साहेब दुसऱ्यांदा आला तो सकाळी. आम्ही गाऱ्हाण्याला उभेच होतो. या वेळी तो बसला नाय. गुलखानच्या कानात काहीतरी बोलला. गुलखान म्हणाला, "साहब पूछता है, इधर का बड़ा कौन है?"

"मी," लवू म्हणाला. छाती पुढे. आम्ही दोघांनी पण त्याच्याकडे बोट केलं. सवयच झाली होती.

साहेबाने मान हलवली. गुलखानने खाली बघितलं. मग सांगितलं. कोर्टाने सोडलंय. घरी जायचं, आजच, तिकीट बंदर देणार. पण जहाज विकलं जाईपर्यंत एक माणूस त्यावर राह्यला पायजे. कायदा आहे. नांगर तुटला, आग लागली तर जबाबदार माणूस लागतो. तो जहाज सोडून जाऊ शकत नाय. "जो बड़ा है, वो रुकेगा."

"किती दिवस?" मी विचारलं.

"महीना. साल. ख़ुदा जाने."

मला वाटलं लवू कोसळेल. तो हसला. "ठीक आहे. माझाच मुलूख आहे. मीच राह्यतो." मग आमच्याकडे वळला. "तुमी जा. हसनभायला नीट सांभाळून उतरव, गंग्या. शिडीची तिसरी पायरी सुटलीय."

इतकं शांत बोलला. आणि बोलताना आमच्याकडे नाय, मागे पाण्याकडे बघत होता. चेहरा कसा मोकळा झालेला. सगळी कामं उरकून अंगण झाडून झाल्यावर बाईचा होतो तसा.

हसनभायने माझा दंड धरला. बोटं रुतली.

"साहेब," मी ओरडलो, "खोटं बोलतोय तो! बडा मैं है! मैं! ये तो भंडारी है, खाना पकाता है!"

"गंग्या?" लवूला कळेचना.

"भात शिजवायला ठेवलेला माणूस," मी म्हटलं. "गुलखान, समजाव साहेबाला. स्वयंपाकी कधी जहाजाचा बडा असतो का?"

"गंग्या, मस्करी नको करू. मान माझा आहे."

"कसला मान? आमी दोघांनी तोंडदेखलं व्हय व्हय केलं तो मान?"

साहेब वैतागला. हसनभायकडे बोट करून काहीतरी बोलला. गुलखान म्हणाला, "चचा, तुम बोलो. दोनों में बड़ा कौन?"

हसनभाय कठड्याला धरून उभे राह्यले. लवू त्यांच्याकडे असा बघत होता, जत्रेत हरवलेलं पोर आईकडे बघतं तसं. म्हाताऱ्याने डोळे मिटले.

"गंगाराम," म्हणाले.

"हसनभाय! तुमी पण?"

लवूचा तो आवाज मी अजून विसरलेलो नाय. पण तो रडायला लागला असता तर सगळं फुकट होतं. रडणारा माणूस शिडीवरून उतरताना कुठे पाय टाकील सांगता येत नाय. मला तो तापलेला हवा होता. मी त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

"तिकडे चुलतभावाने घेतलान, हितं मी घेतला. मान राखता येत नाय तुला, लवू. बाप गेला आणि तिकडचा मान घालवून बसलास. आता हा पण सोड आणि चालता हो."

त्याने माझ्या कानाखाली ठेवून दिली. मी डेकवर पडलो. तो छातीवर बसला आणि दोन्ही हातांनी गळा धरलान. माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला, तरी मनात म्हणत होतो, जोर आहे अजून, जोर आहे. शिपायांनी त्याला ओढून काढला. तो लाथा झाडत होता, शिव्या देत होता, माझ्या सात पिढ्या उद्धरत होता. शिडीवरून त्याला उतरवला तो मी कठड्यावरून वाकून बघत होतो. एक पायरी. दुसरी. तिसरी सुटलेली, तिथे त्याने शिवी देतदेतच पाय बरोबर चौथीवर टाकलान. मग लाँचमधे उतरला.

हसनभाय उतरताना माझ्यापाशी थांबले. डोक्यावर हात ठेवलान, तेवढंच.

लाँच निघाली. लवू मागच्या बाजूला उभा राहून मुठी दाखवत होता.

"मी परत येईन! ऐकतोस गंग्या? परत येऊन तुला खाली खेचीन! जित्ता सोडणार नाय तुला!"

"ये!" मी ओरडलो. गळा दुखत होता, आवाज फुटत नव्हता. "ये मेल्या! नक्की ये!"

लाँच बंदराच्या भिंतीआड गेली. मी बराच वेळ तिथेच उभा होतो. मग आत गेलो, आणि एका माणसाला तांदूळ किती घ्यायचे ते मला कळेना.

पुढचं काय सांगायचं. एक उन्हाळा आणि एक हिवाळा गेला. भिंतीशी बोलायचो. गुलखान यायचा तेव्हा शब्द आठवायला वेळ लागायचा. एकदा मी पण कठड्यावर पाय टाकून बसलो होतो, ते कुणाला सांगितलेलं नाय. मग एक दिवस गुलखान म्हणाला, "तुम्हारे मुल्क में कोई पागल है. सुना है, दिल्ली तक पहुँच गया. सबके दफ़्तर के सामने बैठता है, चिल्लाता है, जहाज मेरा है, उस पर एक चोर बैठा है, उसको उतारो."

जहाज भंगारात विकलं गेलं. मला सोडलं.

मुंबईला विमानतळाबाहेर लवू उभा होता. अंगाने भरला होता. हजामत केलेली, नवा शर्ट. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलंन. माझी पिशवी घेतलीन आणि चालायला लागला. मी मागून.

एसटीत बसलो. पनवेल गेलं, पेण गेलं, हा गप्पच. माझी बोलायची सवयच गेली होती. महाडला चहा पिऊन गाडी बदलली. घाट चढायला लागल्यावर समोर बघत म्हणाला, "राजद्रोह केलास."

"केला."

"त्याला शिक्षा असते."

"असते."

"हद्दपार. पुन्हा त्या मुलखात पाय ठेवायचा नाय. त्याच नाय, कुठल्याच लोखंडावर. मरेपर्यंत."

मी मान हलवली. तेवढ्यात ह्या नव्या गाडीचा कंडक्टर पंच वाजवत आमच्यापाशी आला. "कुठे उतरणार?"

लवूने माझ्याकडे अंगठा केलान. "ह्याला कुठेपण उतरवा. ह्याला देश नाय," म्हणाला, आणि खिडकीकडे तोंड फिरवून असा हुंदके द्यायला लागला की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

कंडक्टर उभाच. मी म्हटलं, "दोन वेलदूर."